पेपरावरचं दुसरं नाव

अभिनंदनाचा हात चिकट होता. विभागप्रमुखांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते मोडून कपात पडायच्या आत तोंडात कोंबलं, बोटं खुर्चीच्या कडेला पुसल्यासारखी केली आणि तोच हात पुढे केला. बाईंना तो घ्यावा लागला.

"कशाबद्दल, सर?"

"आता इतकाही विनय बरा नव्हे मॅडम. तुमचा पेपर आला. मोठ्या नियतकालिकात. मी कालच फलकावर लावलाय, तुमच्या नावावर पिवळा रंग मारून. तुम्ही बघितला नाहीत?"

बाईंनी बघितला नव्हता. लिहिलाही नव्हता. पण प्रमुखांच्या खोलीत तीन-चार सहकारी चहा पीत उभे होते, आणि सगळ्यांसमोर 'कुठला पेपर?' असं विचारायची त्यांना लाज वाटली. त्या "हो, हो" म्हणाल्या आणि बाहेर पडून तडक फलकापाशी गेल्या. पेपर होता. वर तीन नावं होती. पहिलं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं, धाकट्याचं, दुसरं त्यांचं, तिसरं कुणा अनोळखी मुलाचं.

बाई विद्यापीठात बीजगणित शिकवत. उभं आयुष्य त्यात गेलं होतं आणि निवृत्ती आता हाकेच्या अंतरावर आली होती. पेपर त्यांनी थोडेच लिहिले. एकेकावर वर्षंच्या वर्षं घासत बसायचं आणि शेवटचा स्वल्पविराम पटल्याशिवाय तो पाठवायचा नाही, ही त्यांची रीत. त्यांच्या एकाही पेपरात कुणाला कधी चूक सापडली नव्हती. पण बढती द्यायची तर विद्यापीठ पेपर मोजत असे, वाचत नसे. त्यामुळे त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं प्राध्यापक झाली, त्यांच्या डोक्यावर येऊन बसली, आणि बाई सहयोगीच्या सहयोगी राहिल्या. विभागप्रमुखसुद्धा त्यांना ज्युनिअर. ते दर महिन्याला कुठल्या तरी परिषदेला अध्यक्ष म्हणून जात आणि गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रांचा झुबका खोलीतल्या खिळ्याला टांगून ठेवत. त्या झुबक्याकडे बघितलं की बाईंना गटारात अडकलेल्या केसांची आठवण होई.

धाकटा हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. वर्गात वयानं सगळ्यांत लहान म्हणून हे नाव पडलं, आणि त्याचे केस पिकू लागले तरी ते तसंच राहिलं. बुद्धी अशी की बाई फळ्यावर प्रश्न लिहून वळेपर्यंत याचं उत्तर तयार. पीएचडीच्या काळात तो त्यांच्या घरी पडीक असे. जेवायच्या टेबलावर एका बाजूला ताटं आणि दुसऱ्या बाजूला कागदांचा पसारा असायचा. त्याचा प्रबंध वाचून बाई एकदाच, स्वयंपाकघरात, कुणी बघत नसताना रडल्या होत्या. इतका तो सुंदर होता. पुढे तो मोठ्या शहरात गेला, तिथं स्वतःचं संशोधन केंद्र काढलं, आणि त्याचे पेपर पंधरवड्याला एक असे येऊ लागले. पहिले काही बाईंनी वाचले. मग वाचायचं सोडून दिलं आणि स्वतःला सांगितलं की आपल्याला वेळ नाही.

संध्याकाळी त्यांनी त्याला फोन लावला.

"अरे, हा काय प्रकार आहे?"

"आवडलं का बाई? तुम्हाला चकित करायचं होतं."

"माझं नाव कसं काय त्यावर?"

"कल्पना तुमचीच ना. मागं घरी आलो होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात."

"मी म्हणाले होते की हे खरं आहे का, ते बघायला हवं."

"मग बघितलं आम्ही. खरं निघालं." तो हसला. "बाई, तुमची बढतीची मुलाखत आलीय ना? एका पेपरावाचून अडलंय, असं काका म्हणाले. आता नाही अडणार. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, तर एवढं तरी करू द्या."

काका म्हणजे बाईंचे यजमान. ते पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते, आणि ते पान बराच वेळ उलटलं नव्हतं. बाईंना राग आला. पण खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. कितीतरी वर्षांनी त्यांचं नाव छापून आलं होतं. त्या रात्री जेवताना त्या चक्क गुणगुणल्या, आणि यजमानांनी हायसं वाटून दुसऱ्यांदा भात घेतला.

रविवारी बाई पेपर घेऊन बसल्या. आपलं नाव आहे तर निदान आत काय आहे ते माहीत हवं. पहिली पानं बरी होती, जरा घाईची. मग दुसरा लेमा आला. लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयावर चढायची पायरी. ती कच्ची असेल तर वरचं सगळं हवेत. या पायरीवर लिहिलं होतं की दोन घटकांचा गुणाकार शून्य आहे, म्हणून त्यांचा उलट क्रमाचा गुणाकारही शून्य. एवढंच. सिद्धता नाही, 'उघड आहे' असे दोन शब्द.

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. साध्या आकड्यांत गुणाकाराचा क्रम बदलला तर काही बिघडत नाही. पण पेपर ज्या बीजगणितावर होता तिथं क्रमच सगळं ठरवतो. ही गोष्ट बाई पहिल्या वर्षाच्या पोरांना मोजे आणि बूट सांगून शिकवत. आधी मोजे मग बूट, आणि आधी बूट मग मोजे, ही दोन वेगळी माणसं रस्त्यावर दिसतात. त्यांना वाटलं आपलंच काही चुकतंय. धाकटा अशी चूक करणार नाही. कुठं तरी आधी एखादी अट घातली असेल, आपल्या नजरेतून निसटली असेल. त्या पहिल्यापासून परत वाचायला बसल्या. दुपारचं जेवण राहिलं. अट कुठंच नव्हती. शेवटी त्यांनी दोन छोटे मॅट्रिक्स घेतले, दोन ओळी दोन स्तंभ, आत नुसती शून्यं आणि एक. या क्रमानं गुणले तर सगळी शून्यं. उलट क्रमानं गुणले तर कोपऱ्यात एक उभा.

तो एक त्यांना दिसला. आपल्याच ताटात, खाऊन झाल्यावर, खाली केस सापडावा तसा.

पुढच्या आठवड्यात धाकटा विभागात व्याख्यानाला आला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, प्रमुखांनी त्याला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली फुलं दिली, आणि ती फुलं घेऊन तो बाईंच्या खोलीत आला. बाईंनी फळ्यावर ते दोन मॅट्रिक्स लिहिले. त्यानं बघितलं. पापणी लवायचाही वेळ लागला नाही.

"अरेच्चा. हो की."

"दुसरा लेमा खोटा आहे."

"आहे खरा."

"म्हणजे पुढचं प्रमेयही पडतं."

"पडतं." तो खुर्चीत बसला आणि पाय लांब केले. "केंद्रातल्या पोरांनी लिहिलाय बाई. मी वरवर बघितला होता. एवढे पेपर असतात, ओळ न् ओळ कोण तपासणार?"

"तू तपासायचा. वर तुझं नाव आहे."

"तुमचंही आहे." त्याच्या बोलण्यात जराही आकस नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना. "असं बघा, हा पेपर कोण वाचणार आहे? तुम्ही वाचलात. त्याच्या पलीकडे कुणी नाही. त्या नियतकालिकानंही वाचला नाही. मग चूक कुणाला लागली?"

"मागं घे तो."

"कसा घेऊ? त्यावर एका पोराची नोकरी लागलीय. केंद्राचा अहवाल गेलाय. आणि तुमची मुलाखत आहे." तो उठला, फळ्यावरचे मॅट्रिक्स त्यानं तळहातानं पुसून टाकले आणि हात बाईंच्या खिडकीच्या पडद्याला पुसला. "सोडून द्या ना बाई. तुम्ही फार मनाला लावून घेता."

तो गेल्यावर बाई पडद्यावरच्या त्या पांढऱ्या पंजाकडे बघत राहिल्या. हाच मुलगा एकदा एका चिन्हाच्या चुकीसाठी पावसात भिजत त्यांच्या घरी आला होता, उद्यापर्यंत थांबवत नाही म्हणून. तो मुलगा कुठं गेला हे त्यांना विचारायचं होतं. पण विचारणार कुणाला? जो उत्तर देणार तोच आत्ता फुलं विसरून गेला होता.

त्यांनी नियतकालिकाला लिहिलं, की आमच्या पेपरात चूक आहे, सोबत उदाहरण जोडलं आहे, कृपया पेपर मागे घ्यावा. उत्तर लगोलग आलं. 'आदरणीय विदुषी' अशी सुरुवात होती. पेपराबद्दल अवाक्षर नव्हतं. आपल्यासारख्या जाणकारांनी आमच्या संपादक मंडळावर यावं, असं आग्रहाचं निमंत्रण होतं. बाईंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच निमंत्रण आलं, या वेळी मंडळावरच्या लोकांच्या हसऱ्या फोटोंसकट. त्या फोटोंमध्ये विभागप्रमुखही होते.

फलकावरचा पेपर बाईंनी स्वतः काढला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी तिथं नवी प्रत होती. कुणी तरी फाडतं म्हणून प्रमुखांनी या वेळी ती लॅमिनेट करून चार कोपऱ्यांत स्क्रू मारून घेतले होते.

मुलाखतीच्या दिवशी समिती लांब टेबलामागे बसली होती. मध्ये कुलगुरू, त्यांच्या डाव्या हाताला विभागप्रमुख, उजव्या हाताला बाहेरून आलेले तज्ज्ञ. तज्ज्ञांनी जेवण नुकतंच आटोपलं होतं आणि जीभ दाढांवरून फिरवत ते फाईल चाळत होते. बाकीच्या पेपरांची पानं त्यांनी नुसती उलटली. ज्यावर बाईंनी सहा वर्षं घालवली होती, तो पेपरही अंगठ्याखालून सरकून गेला. मग ते थांबले.

"हा ताजा पेपर. वा. याबद्दल तुमचं खास कौतुक करायला हवं. विशेषतः हा दुसरा लेमा. किती सहज मांडलाय. 'उघड आहे.' असा आत्मविश्वास यायला साधना लागते."

बाई गप्प बसल्या असत्या तर दहा मिनिटांत प्राध्यापक होऊन बाहेर पडल्या असत्या. हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

"सर, तो लेमा चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "खडू मिळेल का?"

खडू नव्हता, पेन होतं आणि पांढरा फळा होता. बाईंनी दोन्ही मॅट्रिक्स लिहिले, दोन्ही गुणाकार करून दाखवले, आणि कोपऱ्यातल्या एकाभोवती गोल काढला. कुलगुरू मोबाईलमध्ये होते. प्रमुखांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"छान," ते म्हणाले. "हा एक दृष्टिकोन झाला. संशोधनात मतभेद असायचेच."

"हा मतभेद नाही सर. हा गुणाकार आहे."

"तुमचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे." तज्ज्ञ कुलगुरूंकडे वळले. "स्वतःच्या कामाकडे इतक्या कठोरपणे बघणं. दुर्मिळ."

कुलगुरूंनी मान वर केली. "मॅडम, पेपर छापून आलाय ना?"

"आलाय. तेच तर."

"मागे घेतलेला नाही?"

"ते घेत नाहीयेत."

"मग झालं तर," कुलगुरू म्हणाले आणि प्रमुखांकडे बघून मान डोलावली. विद्यापीठांच्या क्रमवारीसाठी माहिती पाठवायची तारीख तोंडावर आली होती आणि गणित विभागात प्राध्यापक कमी पडत होते. कोपऱ्यातला तो एक तिथंच गोलात उभा राहिला. बाहेर पडताना बाईंनी मागं बघितलं, तर तज्ज्ञ पुढच्या उमेदवारासाठी डस्टर फिरवत होते.

बाईंना निवडलं. चिठ्ठी संध्याकाळच्या आत हातात आली.

घरी यजमानांनी दार उघडलं ते फोन कानाला लावूनच. ते आयुष्यभर शहराच्या पाणीपुरवठा खात्यात पाण्याचे नमुने तपासत आले होते. शांत, सरळ गृहस्थ. पण बायकोची बढती रखडलेली त्यांनाच जास्त लागत असे. "हो, हो, प्राध्यापक. आत्ताच आली ती," ते फोनवर सांगत होते. बाईंनी चपला काढल्या आणि सांगितलं की मी नाही घेणार.

यजमानांनी फोन ठेवला.

"अगं, माझे सगळ्यांना फोन करून झालेत."

"परत करा."

"तू त्यांना चूक दाखवलीस ना? त्यांनी ऐकून घेतलं ना? मग तुझं काम संपलं. आता ते देतायत तर घे."

"अहो, तुमच्या प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यात जंतू सापडले तर तुम्ही काय करायचा?"

"नळ बंद करायचो. पण तुझ्या लेम्यानं कुणाला जुलाब होत नाहीत."

"मला होतायत," बाई म्हणाल्या.

यजमानांना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं, कारण बाई हसत नव्हत्या. त्या ओट्याशी उभ्या होत्या आणि हात धुऊन झाले तरी नळ चालूच होता. यजमान जवळ आले. "मीच बोललो त्याच्यापाशी. वाटलं, तुझं काही तरी भलं होईल."

"माहीत आहे."

"तो असा होता का गं आधीपासून?"

"नव्हता. म्हणून तर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नळ बंद केला.

त्यांनी बढती नाकारली. यजमान आठवडाभर जेवताना मोजकंच बोलले आणि मग नेहमीसारखे बोलू लागले. विभागप्रमुख मात्र चांगलेच घुश्श्यात आले. नाकारण्यामुळे त्यांच्या अहवालाची एक ओळ रिकामी पडली होती. "मॅडम, तुम्हाला नको तर नको, पण तुमच्या तत्त्वांचा भुर्दंड विभागानं का सोसायचा?" असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. ती जागा त्यांनी आपल्या एका परिषद-मित्राला दिली. धाकट्याचा एकच निरोप आला, 'बाई, तुम्ही मला फार दुखावलंत.' बाईंनी तो वाचला आणि मोबाईल उपडा ठेवला. दुखावलं होतं कुणी कुणाला, याचा हिशेब मांडायचीही त्यांना शिसारी आली.

शिकवणं तेवढं उरलं होतं. शेवटच्या वर्षाच्या वर्गात बाईंनी तो पेपर नावं झाकून वाटला आणि म्हणाल्या, "यात एक चूक आहे. शोधा." पोरं हिरमुसली. छापलेल्या पेपरात चूक असते हेच त्यांना पटेना. काहींनी टायपिंगच्या चुका आणल्या. एकानं पेपर फारच प्रेरणादायी असल्याचं लिहून आणलं.

वर्गात एक मुलगी होती, जाड भिंगांची. तिला सगळे दुर्बीण म्हणत. ती एक दिवस तास संपल्यावर मागं थांबली.

"बाई, दुसरा लेमा. क्रम उलटा केलाय त्यांनी."

"बरोबर."

"पण एक अट घातली तर तो खरा होतो. शून्य सोडून कुठलाही घटक स्वतःशी गुणला आणि शून्य झाला, असं होताच कामा नये. मग एका ओळीत येतं." तिनं ती ओळ फळ्यावर लिहिली. खरोखर एकच ओळ होती, स्वच्छ, एकही जास्तीचं चिन्ह नाही.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्यांना छातीत मोकळं वाटलं. त्यांनी मुलीला बसवून घेतलं. अशा अटीखाली मूळ प्रमेयातलं काय वाचतं आणि काय बुडतं, यावर दोघींनी सगळी दुपार घालवली. पुढचे काही आठवडे हेच चाललं. बाई घरी परत गुणगुणू लागल्या. दुर्बीण पुढं आपल्याकडेच पीएचडी करेल, हे कुणी बोललं नव्हतं, पण बाईंनी मनातल्या मनात धरलं होतं.

परीक्षा झाल्यावर मुलगी खोलीत आली. तिला शिफारसपत्र हवं होतं.

"कुठं अर्ज करतेयस?"

तिनं धाकट्याच्या केंद्राचं नाव सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तो पेपर कुणाचा होता, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे बाई. बाहेर फलकावर लावलाय ना, नावांसकट." तिनं नजर खाली केली नाही. "मी तिकडच्या मुलाखतीत सरांना चूक दाखवली. अटही सांगितली. ते इतके खूश झाले, तिथल्या तिथे घेतलं मला. पत्र नुसतं फाईलला लागतं. म्हणाले, दुरुस्तीचा वेगळा पेपर करू. एकाचे दोन होतील."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले." ती थोडी घुटमळली. "तिकडं शिष्यवृत्ती आहे बाई. तिथून निघालेल्या सगळ्यांना नोकऱ्या लागतात. इथं मला कोण घेणार? तुम्हाला दोन वर्षांत जायचंय. नव्या पेपरावर तुमचं नावही घालायचं म्हणालेत ते. मीच सुचवलं. निम्मं काम तर आपण इथंच केलं ना."

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. उपकाराची फेड करायचा आनंद होता, अगदी मनापासूनचा. बाईंना तो आनंद बघवेना. त्या घोटभर पाणी प्यायल्या.

"माझं नाव नको," त्या म्हणाल्या. "हे मी त्यालाही लिहून कळवते."

"पण बाई..."

"नको म्हटलं ना. आणि तू सिद्धता स्वतः लिही. दुसऱ्याला लिहू देऊ नकोस."

"हो. फक्त आठवड्यात हवीय म्हणाले ते."

बाईंनी कागद पुढं ओढला आणि शिफारस लिहायला घेतली. मुलगी तल्लख आहे, चूक बरोबर हेरते, एका ओळीत सांगता येईल ते दोन ओळींत सांगत नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अशी मुलगी तिथं जाणार आणि तिथं तिचं चांगलंच होणार, याचीच त्यांना सगळ्यात जास्त किळस वाटत होती. सही करून त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला, खूश झाली, आणि आणखी दोन प्रती मिळतील का म्हणून विचारलं.